पोवळे, पॉलिप आणि अटॉल : काही शब्दांची हकीगत

आपल्या सीमाभागात एका वस्तूला दोन नावे असणे यात कोणालाच नवल वाटत नाही. घरात एक, बाजारात दुसरे. सराफाच्या पेढीवर एक बाई 'पोवळे' मागते, तिच्या शेजारी बसलेली दुसरी 'हवळ' मागते, आणि सराफ दोघींपुढे तोच लाल मणी ठेवतो. कानाला हे दोन शब्द परके वाटतात, पण ते एकाच गोतावळ्यातले आहेत. जुन्या कानडीत शब्दाच्या आरंभी असलेला 'प' पुढे 'ह' झाला. 'पालु'चे 'हालु' झाले, 'पळ्ळि'ची 'हळ्ळि' झाली, तसेच जुन्या 'पवळ'चे आजचे 'हवळ' झाले. आता संस्कृतातला 'प्रवाळ', प्राकृतातला 'पवाळ', तमिळमधला 'पवळम्', हैदराबादकडच्या तेलुगूतला 'पगडम्', बडोद्याकडचे 'परवाळे' आणि गोव्यातले 'पोवळें' एका ओळीत मांडून पाहा. सख्खी नसली तरी ही भावंडेच आहेत हे सांगायला व्याकरणाचार्य नको. इंदूर-ग्वाल्हेरकडचा 'मूँगा' तेवढा निराळ्या घरचा.

कोणी कोणाचा शब्द घेतला हा वाद पंडितांसाठी सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की शब्द हा नुसता शिक्का नसतो. तो ज्या काळी घडला त्या काळी माणसाला त्या वस्तूबद्दल काय ठाऊक होते, हे त्यात गोठून राहिलेले असते. समुद्रातल्या प्रवाळांच्या अभ्यासात आज जे शब्द रूढ आहेत, त्यांच्याकडे या नजरेने पाहिले तर दोन-अडीच हजार वर्षांची एक मनोरंजक आणि शेवटी थोडी काळजीत टाकणारी हकीगत हाती येते.

झाड, दगड की प्राणी?

संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळे, तसेच 'प्रवाल' म्हणजे कोवळी पालवीही. पोवळ्याचे दुसरे संस्कृत नाव 'विद्रुम'. त्यातही 'द्रुम' म्हणजे वृक्ष दडलेला आहेच. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मनात पोवळे हे समुद्रातले झाड होते. तिकडे ग्रीक लोकांची समजूतही फारशी वेगळी नव्हती. थिओफ्रास्टस या पंडिताने पोवळ्याचा उल्लेख दगडांवरच्या ग्रंथात केला, पण ते समुद्रात वाढते हेही नोंदवले. ग्रीक पुराणकथेत तर मेदुसा राक्षसिणीच्या छिन्न मस्तकाचा स्पर्श होताच समुद्रातल्या वनस्पती दगड होतात आणि त्याचे पोवळे बनते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अंगठीत किंवा मंगळसूत्रात घालायचे लाल पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. ते फार प्राचीन काळापासून आपल्याकडे येत असे. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या कोशात ठेवण्याच्या मौल्यवान वस्तूंमध्ये प्रवाळ आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा, म्हणजे आजच्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, की आपल्याकडे भारतातल्या मोत्यांना जो मान आहे, तोच भारतात पोवळ्याला आहे. लक्षद्वीप, मालदीव किंवा मालवणच्या समुद्रात जे प्रवाळ खडक रचतात ते या पोवळ्याचे दूरचे नातलग. त्यांचा दागिना होत नाही. त्यांची बेटे होतात.

झाड की दगड हा प्रश्न युरोपात अठराव्या शतकापर्यंत लोंबकळत राहिला. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा त्याच्या फांद्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची 'फुले' उमललेली दिसली. फूल आले म्हणजे झाडच, असा निकाल लागला. मग मार्सेय शहरातला पेसोनेल नावाचा वैद्य पुढे आला. त्याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोवळी काढणाऱ्यांबरोबर राहून तीच फुले पुन्हा पुन्हा न्याहाळली. ती स्पर्श होताच मिटत होती, हालचाल करीत होती. त्याने लिहून कळवले : ही फुले नव्हेत, हे लहान प्राणी आहेत.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्या वेळी रेओम्यूर या शास्त्रज्ञाचा शब्द मोठा होता. त्याने १७२७ मध्ये पेसोनेलचे मत अकादमीपुढे मांडले, पण त्याचे नाव गाळून. एवढे वेडगळ मत ज्याचे त्याचे हसे होऊ नये, हा हेतू! पुढे १७४० च्या सुमारास त्रांब्ले नावाच्या एका शिक्षकाने गोड्या पाण्यातल्या हायड्रा या जीवाचे प्रयोग केले. रोपट्यासारखा दिसणारा हा जीव भक्ष्य पकडून खात होता आणि त्याचे दोन तुकडे केले तर दोन जीव होत होते. हे पाहिल्यावर रेओम्यूरने आपले मत बदलले आणि पेसोनेलचे श्रेय उघडपणे मान्य केले. त्रांब्ले हा एका सरदाराच्या दोन मुलांना घरी शिकवणारा खाजगी शिक्षक होता, आणि त्याचे प्रयोग त्या मुलांच्या संगतीतच चालत. आम्हा शिक्षक मंडळींना ही गोष्ट सुखावून जाते.

याच काळात 'पॉलिप' हा शब्द या जीवांना चिकटला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पुष्कळ पायांचा'. मूळ शब्द अष्टभुज माखलीसारख्या प्राण्याचा. नाकातल्या मांसवाढीलाही डॉक्टर पॉलिप म्हणतात, तो हाच शब्द. प्रवाळाचा पॉलिप म्हणजे तळाशी चिकटलेली एक पिशवी, वरच्या अंगाला तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे. खडक रचणारा पॉलिप आपल्या बुडाशी चुन्याची वाटी तयार करतो. हजारो पॉलिप शेजारी शेजारी वाढतात, जुने मरतात, त्यांच्या वाट्यांवर नवे बसतात, आणि शतकानुशतके हे काम चालले की खडक उभा राहतो.

तरीही फुलाची आठवण पूर्ण पुसली नाही. १८३४ मध्ये एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने या प्राण्यांच्या वर्गाला 'अँथोझोआ' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'पुष्पप्राणी'. वाद प्राण्याने जिंकला, पण नावात फूल राहिलेच.

एका लहान भाषेची देणगी

आता 'अटॉल' या शब्दाकडे वळू. मध्ये उथळ पाणी आणि भोवती प्रवाळांचे कडे, अशी बांगडीसारखी बेटे शालेय भूगोलात आपण 'कंकणद्वीप' या नावाने शिकवतो. मधल्या पाण्याला इंग्रजीत 'लगून' म्हणतात. तो शब्द इटालियन भाषेतून आला. आपल्या विश्वकोशाने त्याला 'खारकच्छ' म्हटले आहे. पण 'अटॉल' हा शब्द ना ग्रीक, ना लॅटिन, ना इंग्रजी. तो मालदीवच्या दिवेही भाषेतला आहे. मूळ रूप 'अतोळु'. दिवेही बोलणारे लोक सारे मिळून काही लाखच. ही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे आर्यभाषा कुळात मराठीची लांबची नातेवाईक. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर तिचीच एक बोली बोलली जाते.

हा शब्द युरोपात पोचला तो एका फुटलेल्या जहाजामुळे. पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी १६०१ मध्ये जहाजावर चढला. १६०२ च्या जुलैत ते जहाज मालदीवच्या प्रवाळखडकांवर आदळून फुटले. जे वाचले ते बेटांवर अडकून पडले. पिरार तेथे जवळजवळ पाच वर्षे राहिला. तो लोकांची भाषा शिकला, त्यांचे रीतिरिवाज पाहिले आणि त्यांचे शब्द टिपून ठेवले. मालदीवचे राज्य तेरा प्रांतांत विभागले आहे आणि अशा प्रांताला तेथे काय म्हणतात, हे त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिले. १६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या आरमारी टोळीने बेटांवर छापा घातला तेव्हा त्याची सुटका झाली. पुढे चितगाव, कालिकत, कोचीन असा भटकत, पोर्तुगीजांची कैद सोसत तो आजारी अवस्थेत १६०८ मध्ये गोव्याला पोचला. तेथल्या राजकीय इस्पितळात तो बरा झाला, आणि त्या इस्पितळाची स्वच्छता, चांदीची भांडी, रुग्णांची बडदास्त यांचे त्याने तोंड भरून वर्णन केले आहे. गोव्याचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना पिरार परिचित आहे तो या वर्णनामुळे. समुद्रविज्ञानाला त्याने काय दिले याचा उल्लेख मात्र आपल्याकडे क्वचित होतो. १६११ मध्ये त्याचे पुस्तक फ्रान्समध्ये छापले गेले आणि मालदीवच्या कोळ्यांचा शब्द युरोपच्या छापखान्यात शिरला.

शास्त्रात तो कायमचा बसवला चार्ल्स डार्विनने. 'बीगल' जहाजावरच्या प्रवासात १८३६ च्या एप्रिलमध्ये त्याने हिंदी महासागरातली कीलिंग बेटे पाहिली. १८४२ मध्ये त्याने प्रवाळखडकांची रचना आणि त्यांचा विस्तार यांवर ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी इंग्रजीत या बेटांना 'लगून बेटे' असे मोघम नाव होते. डार्विनने त्याऐवजी स्थानिकांचे 'अटॉल' हेच नाव पसंत केले. त्याच्यापुढे मालदीवचे उत्तम नकाशे होते. ते तयार केले होते रॉबर्ट मोर्सबी या अधिकाऱ्याने, १८३४ ते १८३६ या काळात. हा मोर्सबी ज्या 'इंडियन नेव्ही'चा, तिचे ठाणे मुंबईत होते.

डार्विनने खडकांचे तीन प्रकार सांगितले. किनाऱ्याला अगदी लागून असलेली ती किनारी भित्ती; किनारा आणि खडक यांच्यामध्ये खोल पाण्याचा पट्टा असेल तर ती रोधक भित्ती; आणि मध्ये जमीनच नसेल तर अटॉल. ही तीन नावे इतरांनीही वापरली असती. डार्विनचे वेगळेपण असे, की हे तीन प्रकार नसून एकाच गोष्टीच्या तीन अवस्था आहेत असे तो म्हणाला. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखी बेटाभोवती प्रवाळ वाढतात. बेट सावकाश खचू लागते, प्रवाळ मात्र उजेडाकडे वर वर वाढत राहतात. बेट निम्मे बुडाले की भोवती रोधक भित्ती दिसते. बेट पुरते बुडाले की उरते ते केवळ कडे. त्याआधी लायेल या थोर भूवैज्ञानिकाचे मत असे होते, की बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर प्रवाळ बसतात म्हणून बेट गोल दिसते.

हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. जॉन मरे, अलेक्झांडर अगासिझ असे नामवंत डार्विनच्या विरुद्ध उभे राहिले. निकाल लावायचा तर भोक पाडून खाली काय आहे ते पाहायला हवे. १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी बेटावर तसा प्रयत्न झाला. सुमारे ३४० मीटर खोल गेले, तरी प्रवाळाचाच चुनखडक लागत राहिला. अखेर १९५२ मध्ये एनिवेटोक बेटावर १,२०० मीटरहून खोल गेल्यावर यंत्राला ज्वालामुखीचा काळा खडक लागला. प्रवाळ तर उथळ, उजेडाच्या पाण्यातच खडक रचतात. मग एवढ्या जाडीचा थर एकाच रीतीने होऊ शकतो : तळ खचत गेला आणि प्रवाळ वर येत राहिले. डार्विन जाऊन तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

आतला भाडेकरू

प्रवाळांना उथळ पाणीच का लागते, हे डार्विनला ठाऊक नव्हते. प्राण्याला श्वास आणि अन्न लागते, उजेड कशाला? त्याचे उत्तर दुसऱ्या दोन शब्दांत आहे.

पहिला शब्द 'सिंबायोसिस', आपला 'सहजीवन'. १८७९ च्या सुमारास डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो प्रचारात आणला. दोन भिन्न जातींचे जीव एकत्र राहणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दोघांचा फायदा झालाच पाहिजे असे त्यात नव्हते. ती गोडी नंतर मिसळली. दुसरा शब्द 'झूझँथेला'. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट याने काही समुद्री प्राण्यांच्या शरीरातल्या सूक्ष्म पिवळट पेशींना हे नाव दिले. अर्थ, 'प्राण्यातली पिवळी'. या पेशी प्राण्याच्या नव्हेत, त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाच्या आहेत.

हे भाडेकरू घरमालकाला काय देतात, यावर पुन्हा मतभेद. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची मोहीम वर्षभर राहिली. याँग यांचे मत पडले, की ही शैवाले प्रवाळाच्या शरीरातली घाण उचलतात, अन्न देत नाहीत. पुढे १९५८ पासून किरणोत्सारी कार्बनचे प्रयोग झाले आणि शैवालाने सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न यजमानाच्या शरीरात जाते हे सिद्ध झाले. आता हे सर्वमान्य आहे, की खडक रचणाऱ्या प्रवाळांचा बराचसा शिधा हे शैवालच पुरवते आणि चुन्याचे बांधकामही त्यामुळेच वेगाने होते. म्हणजे पालवी म्हणणारे आपले पूर्वज अगदीच चुकले नव्हते! पोवळे झाड नव्हे. पण खडक रचणाऱ्या त्याच्या भाऊबंदांच्या अंगात हिरवाईचा संसार चाललेला असतो.

आपले शब्द

मराठीत हे ज्ञान आणायचे तर शब्द हवेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघाला. त्या पिढीने परिभाषेवर जे कष्ट घेतले त्याची चेष्टा करणे सोपे आहे. पण एक उदाहरण पाहा. १८८७ मध्ये हेन्सेन या जर्मनाने पाण्यात तरंगत वाहून जाणाऱ्या सूक्ष्म जीवांना 'प्लँक्टन' म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'भटके'. मराठीत 'प्लवक' झाला. संस्कृत 'प्लु' धातू म्हणजे तरंगणे, पोहणे. उच्चार जवळचा, अर्थ नेमका, आणि मुलाला एकदा सांगितला की कायमचा लक्षात राहतो. प्रवाळाची पिल्लेही काही दिवस प्लवकच असतात. तरंगत जातात आणि योग्य जागा मिळाली की कायमची चिकटतात. असा शब्द परका वाटत नाही.

याउलट सगळेच शब्द संस्कृतातून घडवले पाहिजेत असेही नाही. 'झूझँथेला'ला आपण काही केले तरी तो अवघडच राहणार; तो तसाच घ्यावा. 'पॉलिप' तर कधीच आपला झाला. डार्विनने कोळ्यांचा शब्द उचलला, तेव्हा इंग्रजी बाटली नाही. आपल्या भागातली मुले घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि पुढे कॉलेजात तिसरी बोलतात. पालकांना धास्ती वाटते, की शास्त्र इंग्रजीत शिकले नाही तर मूल मागे पडेल. अटॉलची गोष्ट या धास्तीवर चांगला उतारा आहे. जी गोष्ट ज्यांनी रोज पाहिली, तिचे नाव त्यांच्याकडून शास्त्राने घेतले. भाषा लहान होती, पण पाहणे मोठे होते.

शेवटचा शब्द

आता तो शब्द, ज्याची काळजी आपल्या पिढीच्या वाट्याला आली आहे : 'विरंजन'. विरंजक चूर्ण आपण जाणतो. कपड्याचा रंग घालवते. प्रवाळांचे विरंजन निराळे. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आणि शैवाल यांचे जमेनासे होते. शैवाल बाहेर पडते. पॉलिपचे अंग पारदर्शक, त्यामुळे खालचा चुन्याचा सांगाडा पांढराफटक दिसू लागतो. असा प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर भाडेकरू परततात. नाही निवले तर घर पडते. याँग यांच्या मोहिमेने १९२९ मध्येच तापलेल्या पाण्यात असे घडताना पाहिले होते. पण ते स्थानिक होते. १९८२-८३ च्या एल निन्योत पूर्व प्रशांत महासागरातले खडक मोठ्या प्रमाणावर मेले, आणि १९९८ मध्ये प्रथमच साऱ्या जगात एकाच वेळी विरंजन झाले. त्यानंतर २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात तसेच घडले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या चारही वर्षी झळ बसली.

हे सारे फार दूरचे वाटू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ आहेत, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुर्डेश्वरसमोर नेत्राणी बेटाभोवती आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळपठार आहे. नकाशावर त्याचे नाव 'आंग्रिया बँक', आमच्या कान्होजी आंग्ऱ्यांवरून पडलेले. २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. पण कायदा माणसाचा हात अडवतो. तापलेले पाणी अडवू शकत नाही.

समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळखडकांनी व्यापलेला नाही, आणि तरी समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या आश्रयाला असतो, असा अंदाज आहे. कोळ्याच्या जाळ्यातली मासळी आणि त्या खडकांचे आरोग्य यांचा संबंध आहे. शब्द टिकतात; 'हवळ' टिकला, 'पोवळे' टिकले, मालदीवच्या कोळ्यांचा 'अतोळु' तर जगभर गेला. ज्या वस्तूंसाठी ते शब्द आहेत त्या टिकतील की नाही, हे मात्र कोशकारांच्या हाती नाही. मुलांना हे शब्द शिकवताना, मग ते मराठीतून असोत की कानडीतून, त्या शब्दामागचा जीव अजून समुद्रात जिवंत आहे आणि त्याला उजेडाइतकाच थंडावाही हवा आहे, एवढे सांगायला विसरू नये.